शेरडांची बाजू

मी डावखुरी आहे. लिहिते तेवढं उजव्या हातानं, कारण गुरुजींनी चौथीपर्यंत डाव्या हातावर पट्ट्या मारून ते शिकवलं. बाकी सगळं डाव्यानं. भाकरी थापणं, विळा धरणं, धार काढणं, कुत्र्याला दगड मारणं. आमच्या आईला त्याची फार लाज. ती माझ्या डाव्या मनगटाला चिंधी बांधायची आणि मी जेवायला बसले की चिंधीकडे बघून डोळे वटारायची. डावा हात कशासाठी असतो ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, मला सांगायला लावू नका.

आम्ही ख्रिस्ती. रविवारच्या शाळेत एक बाई मोठमोठी चित्रं दाखवून गोष्टी सांगायच्या. एका चित्रात राजा बसलेला, त्याच्या उजवीकडे मेंढरं, डावीकडे शेरडं. शेवटच्या दिवशी प्रभू येईल, मेंढरांना आत घेईल आणि डावीकडच्या शेरडांना बाहेर काढील, असं बाईंनी सांगितलं. बाकीची पोरं राजाचा मुकुट बघत होती. मी डावी बाजू बघत होते. आमच्या घरी मेंढरू एकही नव्हतं. दारात शेरडं होती आणि घरात मी होते. मला शंकाच उरली नाही.

बाईंना विचारलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण विचारायचं म्हणजे हात दाखवायचा. मी नाही विचारलं.

लग्न होऊन माजलगावच्या बाजूला आले. धरण तिकडे, पण आमचं गाव उंचावर. कालव्याचं पाणी खालच्या गावांना, आम्हाला उसाच्या ट्रॅक्टरचा धुरळा. बघायला आले तेव्हा मी चहा उजव्या हातानं दिला होता. लग्नानंतर दोन-तीन दिवसांतच सासूनं चुलीपुढं पकडलं.

"अगं, तू डावरी हायस व्हय?"

"हाय."

"मंग आमी बघायला आलतो तवा कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी विचारलंच न्हाई, आत्या."

तिनं तव्याकडे बघितलं. भाकरी टम्म फुगली होती. "घरात कोणताबी हात चालव," ती म्हणाली. "चार माणसांत मातर उजवा. ख्रिस्ती म्हणून लोक आधीच आपल्याकडं येगळं बघत्यात. त्यात आनखी हे नको."

सासू वाईट नव्हती. तिला लोकांची भीती होती आणि मला शेरडांची. आमचं चांगलं जमलं.

मग दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, पेरलेलं उगवलं नाही, कडबा मिळेना. कितीतरी घरं दिवाळीआधीच ऊसतोडीला गेली. ज्यांच्या दारात एखादी म्हैस टिकली होती त्या बायकांनी मिळून दूध सोसायटी काढली. लिहिता-वाचता येणारी बाई पाहिजे होती. चौथी पास मी एकटीच. मोजायचं आणि लिहायचं काम मला दिलं. नवरा त्या वर्षी कामाविना घरी बसून होता. घरात जे काही येणार होतं ते माझ्या या कामाचंच.

लिहायला अडचण नव्हती. मोजणं मात्र चार माणसांत होतं, म्हणून मी लांब दांडीचं माप उजव्या हातात धरलं. तो हात असा की कुणा परक्याचा उसना आणलाय. माप भरलं की हिंदकळायचं, कॅनच्या तोंडावर आपटायचं आणि दूध माझ्या पायावर. बायका कडब्याची एक एक पेंढी जपून घालत होत्या, पाण्याची घागर डोक्यावर आणून म्हशीला पाजत होत्या, आणि मी त्यांचं दूध जमिनीला पाजत होते.

"बाई, आमच्या म्हशीनं तुज्या पायाला आंघोळ घालाया दूध दिलंय का?"

"पाय बगा की तिचे, कसे गोरे व्हायलेत!"

हसत होत्या, पण नंतर हसणं कमी झालं. सगळ्यात जास्त दूध घालणारी एक म्हातारी होती, तिला सगळं गाव काकू म्हणायचं. तिनं तोंडावर सांगितलं, "सोमवारी नीट मोज, न्हाईतर दुसरी बाई बगू." दुसरी बाई म्हणजे तिची सून. तिला आकडे येत नव्हते, पण तिच्या हातून सांडत नव्हतं.

मधला रविवार आला. आमचे पाळकसाहेब सायकलवर गावोगाव उपासना घ्यायचे. त्या दिवशी आमच्या अंगणात मंडळी जमली आणि साहेबांनी नेमका तोच भाग वाचला, मेंढरांचा आणि शेरडांचा. मी पदराखाली डावा हात मुठीत घेऊन बसले. काय ऐकलं, देव जाणे.

उपासनेनंतर साहेब जेवायला बसले. मी उजव्या हातानं आमटी वाढायला गेले आणि पळी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उपडी केली. चांगली तिखट आमटी होती.

सासूचा धीर सुटला. "साहेब, राग धरू नगा. ती डावरी हाय. आमच्या भ्यानं उजव्यानं वाढती आन सांडती."

झालं. इतकी वर्षं झाकलेलं एका दमात बाहेर. मग मीही म्हटलं, आता राहिलंच काय. विचारून टाकलं.

"साहेब, मी डावखुरी हाय. मला शेरडांत घालतील का?"

साहेब आधी हसले. माझं तोंड बघून थांबले. "ताई, आज वाचलं ते ऐकलं ना? तो राजा काय विचारतो?"

"भुकेल्याला खायला दिलं का. तहानलेल्याला पाणी दिलं का."

"कोणत्या हातानं दिलं, असं विचारतो का?"

मी सगळी गोष्ट मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवली. राजानं पुष्कळ विचारलं होतं. हात कुठं विचारला नव्हता.

"न्हाई विचारलं."

"आणि तुला आईच्या पोटात घडवलं कुणी?"

"देवानं."

"मग डावा हात तेवढा दुसऱ्या कुणी आणून लावला का?" त्यांनी ताटली पुढं केली. "वाढ आता. जुन्या करारात देवानं एका डावखुऱ्या माणसाला आपल्या लोकांना सोडवायला उभं केलं होतं."

सासूनं कान टवकारले. "काय केलं हो त्यानं?"

"एका लठ्ठ राजाच्या पोटात डाव्या हातानं सुरा खुपसला."

"अगं बया!" सासू माझ्याकडे वळली. "तू नुसती आमटीच वाढ, बाई."

मी वाढली. डाव्या हातानं, पाहुण्याच्या ताटात, सगळ्यांच्या समोर. थेंब सांडला नाही. मी देवाचं लेकरू आहे, असं लहानपणापासून गात आले होते. त्या दिवशी त्या लेकरात डावा हातही धरला.

सोमवारी सोसायटीत मी माप डाव्या हातात घेतलं. काकूनं आपली किटली मागं ओढली.

"त्या हातानं माजं दूध न्हाई मोजायचं."

"काकू, हा हात धुतलेला हाय, आन देवानंच दिलेला हाय. ह्यानं सांडत न्हाई. उजवा पायजे तर उजव्यानं मोजते, पण सांडंल ते तुमच्या दुधातलं."

"उजव्यानंच मोज."

मी उजव्यानं घेतलं. मुद्दाम काही केलं नाही, गरजच नव्हती. पहिलंच माप कॅनच्या काठाला लागलं. काकूनं खाली बघितलं. एक कुत्रं आलं आणि चाटायला लागलं. दुसरं माप भरलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"थांब, थांब. दे त्या हातात. कुत्रं पाळायला न्हाई आले मी हितं."

बायका इतक्या हसल्या की बाहेर म्हशी बिथरल्या. त्यानंतर हाताचं नाव कुणी काढलं नाही. सोसायटीत वजनकाटा येईपर्यंत मीच मोजत होते, आणि त्या दुष्काळात आमची चूल त्याच हातानं पेटली.

सासू पुढं बरीच वर्षं जगली. शेवटी अंथरुणाला खिळली. एकदा भेटायला पाहुण्यांनी घर भरलं होतं. ती पाणी मागत होती. इतक्या माणसांत जुनी सवय परत आली आणि मी फुलपात्र उजव्या हातात घेतलं.

सासूनं डोळे उघडले. "डाव्यानं दे," ती म्हणाली. "अंगावर सांडू नगस."