गच्चीवरचे वीस टक्के

आमच्या लालबागच्या चाळीने मला सेक्रेटरी केलं, कारण मी सभेला उशिरा पोहोचलो. जो हजर नाही त्याच्या गळ्यात पद घालायचं, ही आमची रीत. आणि पद मिळालं की माणसाला काहीतरी करून दाखवायची खाज सुटते. मला गच्चीवर सोलर पॅनल बसवायची सुटली.

कारण साधं होतं. पंपाचं वीजबिल झेपेना, म्हणून पाणी दिवसातून एकदाच वर चढायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या बायका बादल्या वाहताना मला ऐकवून जायच्या. पंधरा वर्षांपूर्वी मी याच पॅनलची चौकशी केली होती. भाव ऐकून पुढ्यातला चहासुद्धा न पिता परतलो. शिवाय गच्ची एवढीशी, अर्धी टाकीने खाल्लेली. उरलेल्या जागेतल्या तेव्हाच्या पॅनलवर पंप चाललाच नसता. आता तेवढ्याच जागेत पुष्कळ जास्त वीज मिळत होती, आणि भाव असा की प्रत्येक घराने गणपतीत जरा हात आखडला तर जमावं. सगळ्या खोल्यांच्या सह्या झाल्या. एक राहिली. आमचीच. खोली बाबांच्या नावावर.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते, साच्यावर म्हणजे मागावर कापड विणायचे. संपात गिरणी बंद झाली ती झालीच. त्यांना समजवायला मी पॅनलवाल्यालाच घरी आणला.

"काका, आमची एफिशियन्सी वीस टक्क्यांच्या वर आहे," तो छाती काढून म्हणाला.

बाबांनी चष्मा काढला. "किती?"

"वीस-एकवीस. पूर्वी बारा-तेराच असायची."

"आमच्या खात्यात फळ्यावर खडूने लिहायचे, कुठला साचा किती टक्के. ऐंशीच्या खाली गेला की जॉबर आईबहिणीवरून सुरू व्हायचा. वीस टक्के म्हणजे साचा नाय रे मेल्या, बाकडं!"

दारात जमलेले शेजारी खदखदले. पॅनलवाला फाइल आवरू लागला.

मी कॉमर्सचा, माहितीपत्रक दोनदा वाचून तज्ज्ञ झालेला. "बाबा, सूत वाया गेलं तर नुकसान. ऊन वाया गेलं तर कोणाचं काय जातं? शंभरातलं वीस पकडलं तरी पंप चालतो."

"आणि स्वस्त कसं झालं?"

"कारखाने वाढले, माल वाढला, भाव उतरला."

"भिवंडीच्या पॉवरलूमचं कापडपण स्वस्तच होतं. आम्ही संपावर, आणि लोक ते घेत होते. तू त्याचाच शर्ट घालून शाळेत जायचास. तुझ्या आईने मला न सांगता आणलेला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दारात अख्खा मजला उभा, आणि मी सेक्रेटरी. म्हणालो, "तुमच्या हट्टापायी एकदा घर बसलं. आता चाळ बसवू नका."

शेजारी एकेक करून सटकले. बाबांनी कागद ओढला, सही केली आणि माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, ह्याला सांग, संप माझ्या एकट्याचा नव्हता. आणि उद्यापासून माझं ताट ह्याच्या आधी वाढ, बरोबर नको."

पॅनल बसले. पंप आता दोनदा लागतो. तिसरा मजला माझ्याशी गोड बोलतो. बाबा बोलत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसांनी एकमेकांना टाळायचं म्हणजे कसब लागतं. मोरीशी, कपाटाशी, दाराशी वळसे घ्यावे लागतात. दोघांनाही छान जमतं.

परवा धीर करून समोर बसलो. "बाबा, त्या दिवशी मी जे बोललो ना..."

त्यांनी रेडिओ मोठा केला. "सूनबाई," ते त्या आवाजाच्या वरताण ओरडले, "ह्याला सांग, पाणी आलंय. बसून काय राहिलाय?"

मी उठलो आणि पिंप भरायला घेतलं.