बाळंतिणीची मोरी

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत कुठल्याही मराठी घरी बाळंतीण असली की कुमुदिनीताई केळुसकर न बोलावता हजर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या, पण हुकूम सोडायची सवय गेली नाही. हातात डबा, डब्यात मोरीचं कालवण. मोरी म्हणजे कोकण किनाऱ्यावरची छोटी शार्क. ती खाल्ली की आईला दूध येतं, हे वेंगुर्ल्याचं शास्त्र त्यांनी दिल्लीत आणलं. माझ्यासारख्या शाकाहारी पुणेकरणीलाही त्यांनी सोडलं नसतं. दार लावून घेतलं म्हणून मी वाचले.

गेल्या हिवाळ्यात त्यांची लेक केतकी बाळंत झाली आणि नेमकं तिलाच दूध पुरेना. नात रडून लालबुंद व्हायची. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वेंगुर्ल्याच्या भावाला, हणमंतला, फोन केला. त्याची स्वतःची होडी आहे. त्याने ओळखीच्या माणसाबरोबर रेल्वेने बर्फातली मोरी पाठवली.

मी स्वयंपाकघराच्या दारात नाक धरून उभी होते. ताईंनी मोरीचं पोट चिरलं आणि सुरी तशीच खाली ठेवली. आत बोटाएवढी पिल्लं होती, प्रत्येकाला नाळ.

"अगं, ही तर पोटुशी!"

केतकी बाळाला घेऊन आली. "आई, हिला नाळ असते? मला वाटलं, मासे अंडी घालतात." मग तिने मोबाइलवर वाचून दाखवलं. मोरीला एका वेळी मोजकीच पिल्लं होतात. ती मोठी होण्याआधीच जाळ्यात सापडतात, म्हणून किनाऱ्यावरच्या शार्क आणि चपटे पाकट मासे कमी होत चाललेत.

ताईंनी मोरी बाजूला सारली. "इतक्या जणींना मी हेच खाऊ घातलं गं. पण हे केलं नाही आणि दूध आलंच नाही तर?"

"आई, डॉक्टर म्हणाल्यात ना, सारखं पाजत राहिलं की येतं. ट्राय तर करू."

ताईंनी मोरी शिजवली नाही. मनातून मात्र त्या टरकल्या होत्या. त्यांनी हळिवाची खीर करून केतकीला खाऊ घातली. मग लेकीच्या उशाशी ठाण मांडलं. बाळ कुरकुरलं की छातीशी धर, पाठीला उशी लाव, पुन्हा धर. शेवटी एका दुपारी नात पिता पिताच झोपली, ओठांच्या कडेला दूध ओघळलेलं. ताई डोळे पुसत माझ्यावरच ओरडल्या, "बघत काय बसलीस, चहा टाक!" मला इतका आनंद झाला की मी निमूट चहा टाकला.

लगेच हणमंतला फोन. "पोटुशी मोरी जिवंत असेल तर सोडून द्यायची."

"जाळ्यात आलेली लक्ष्मी सोडू? लोक वेड्यात काढतील, ताई."

"काढू देत. बिल्कुल ऐकणार नाही मी."

तो हसण्यावारी नेईल, असंच मला वाटलं होतं. परवा त्याचा फोन आला. "आज एक सोडली गं. बाकीच्यांनी शिव्या घातल्या."

"जगली का?"

"शेपटीने माझं तोंड भिजवलं आणि गेली."

ताई नातीच्या पायांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुखरूप सुटू दे बाई."