राजापुढचं प्यादं

लामरिया सियाहानला बुद्धिबळ तिच्या बापाने शिकवलं नाही. मोनांग सियाहान म्हणजे बालिगे गावच्या बाजारातल्या कॉफीच्या दुकानातला एके काळचा पहिला खेळाडू, पण त्याने शिकवलं ते मुलाला. मुलगी पटाजवळ येऊन बसली की तो म्हणायचा, "मोहरी पुसून ठेव." मुलगा पुढे बाताम बेटावर नोकरीला गेला आणि खेळ विसरला. लामरिया टपाल कचेरीत चिकटली, लग्न झालं नाही, आईबापांपाशीच राहिली. चाळिशी उलटल्यावर एका शनिवारी ती कॉफीच्या दुकानात शिरली आणि पुरुषांच्या घोळक्यात खुर्ची ओढून बसली.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी तिला धुतली. दुसऱ्या वर्षी पांढरी मोहरी आली तर ती जिंकू लागली, काळी आली तर मात्र पंधराव्या चालीपर्यंत सगळं कोसळायचं. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं की काय उत्तर द्यायचं, हेच तिचं ठरत नव्हतं. आज एक, उद्या दुसरं. त्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांचे तिन्ही डाव ती हरली.

दुकानात जोंगी ताम्पुबोलोन नावाचा म्हातारा बसायचा. तिच्या बापाशी तीस वर्षं खेळलेला आणि तीस वर्षं भांडलेला. तो म्हणाला, "पोरी, तू दर आठवड्याला नवं लुगडं बदलावं तशी सुरुवात बदलतेस. एक धर आणि झिजव."

"कुठली धरू, काका?"

"तुझा बाप सिसिलियन खेळायचा. वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं थेट दोन घरं, आणि मग मारामारी. पण तुला ती झेपायची नाही. तू मारामारीतली नाहीस." मग म्हणाला, "बापालाच विचार ना."

बापाला विचारणं सोपं नव्हतं. मोनांगला अर्धांगवायू होऊन सात महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डावा हात तेवढा थोडा हलायचा. तरी रविवारी प्रार्थनेहून आल्यावर तिने पट मांडला, काळी मोहरी त्याच्याकडे केली आणि आपलं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. "बाबा, याला मी काय उत्तर देऊ?"

तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग डावा हात आला, राजापुढच्या प्याद्यावर टेकला, आणि ते एकच घर पुढे सरकलं. तेवढ्यानेच तो दमला.

तो फ्रेंच बचाव होता. मोनांग जन्मभर त्याची टिंगल करत आला होता. स्वतःच्या घराला स्वतःच कडी लावून बसणाऱ्यांचा खेळ म्हणायचा. लामरियाला आधी राग आला. बाप आपल्याला भित्री समजतो, असं वाटलं. रात्री विचार केल्यावर उलटंच वाटलं: त्याने आपल्याला नीट ओळखलंय. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपल्यासाठी काही निवडलंय.

शनिवारी तिने हे जोंगीला सांगितलं, आणि मग दुसरं काही बघितलंच नाही. वर्षभर फ्रेंच. आपलाच एक उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकून पडतो, तो बाहेर कसा काढायचा. पांढरा पुढे घुसून बसला की त्याच्या प्याद्यांची साखळी बुडाशी कशी तोडायची. दुकानातले लोक कंटाळले. जोंगी म्हणायचा, "ही खेळत नाही, खिळा ठोकते." पण तिला हरवायला आता वेळ लागायचा. पुढच्या जिल्हा स्पर्धेत काळ्याचे तीन डाव आले. दोन जिंकली, एक बरोबरीत सोडवला, एकूण पाचवी आली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. सकाळीच बापासमोर पट मांडला, या वेळी पांढरी मोहरी त्याला दिली. त्याने खेळावं आणि आपण त्याचंच उत्तर त्याला द्यावं, अशी तिची हौस. मोनांगने राजापुढचं प्यादं हलवलं. एक घर. मग त्याच्या शेजारचं, एक घर. मग त्याच्या शेजारचं. तिची चाल यायची त्याने वाटच पाहिली नाही. रांगेतली आठही प्यादी एकेक घर पुढे झाली, आणि तो थकून मागे टेकला.

आई दारात भाजी निवडत होती. म्हणाली, "तो व्यायाम आहे गं त्यांचा. ती व्यायामवाली बाई सकाळी येते ना, टेबलावर बटणं मांडते. मधल्यापासून सुरू करायचं, एकेक पुढे ढकलायचं. हाताने काही धरता यायला लागल्यापासून चाललंय."

"किती दिवस?"

"झालं की वर्षावर. तू कचेरीत असतेस, तुला कुठलं दिसणार?"

 लामरियाने बापाचा चेहरा नीट पाहिला. काम झाल्यावर शाबासकी मिळेल म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. "छान झालं, बाबा," ती म्हणाली, आणि मोहरी गोळा केली.

त्यानंतर चार महिन्यांनी मोनांग गेला. अंत्यविधीला सारा बाजार लोटला. पाहुण्यांपैकी एकेक जण उठून बोलत होता. जोंगी उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, की वाचा गेली, हात गेला, तरी या माणसाची नजर गेली नव्हती. लेकीला कुठली चाल शोभेल हे त्याने एका प्याद्यात सांगितलं. असा बाप आमच्या नशिबी नव्हता. लोकांनी माना डोलावल्या. दोन बायांनी डोळे पुसले.

आईने लामरियाकडे पाहिलं. लामरिया खाली मान घालून बसली होती.

घरी परतताना आईने हळूच विचारलं, "खरं काय ते बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आजवर कुणी त्यांना चांगला बाप म्हणालं होतं का?"



दोन आठवड्यांनी लामरिया पुन्हा दुकानात गेली. जोंगीने काळी मोहरी तिच्याकडे वळवली आणि आपलं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं. सिसिलियन घ्यावी का, असं तिच्या मनात क्षणभर येऊन गेलं. पण ती तिला येत नव्हती. येत होती ती एकच गोष्ट. तिने राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि पुढच्या चालीचा विचार न करता नुसतीच पटाकडे बघत बसली. जोंगी घाई न करता कॉफी पीत राहिला.