भागीदारांची बोट

मी जन्माने संशयी नव्हे. कचेरीने मला तसा केला. रत्नागिरीच्या कचेरीत कागदांच्या नकला करायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या कागदांत मी मरून दोन वर्षं झालेल्या माणसाची ताजी सही पाहिली आहे. एका आईच्या पोटच्या तीन भावांनी तिची तीन निरनिराळी नावं लावून जमीन मागितलेली पाहिली आहे. असलं दिवसभर बघून घरी आलं की दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून बघावंसं वाटणारच. बायको म्हणायची, तुम्ही देवळात हात जोडता तेव्हासुद्धा एक डोळा उघडा असतो. असायचाच. बाहेर वहाणा काढलेल्या असायच्या.

एका वर्षी आमच्या कलमांना आंबा बरा लागला आणि सगळा खर्च भागून हातात थोडे पैसे उरले. तोवर असे पैसे सोन्यात जायचे किंवा पोस्टात. पण त्या सुमारास शेअर नावाचं खूळ मुंबईहून बोटीत बसून आमच्याकडे उतरलं होतं. सुट्टीला आलेला प्रत्येक मुंबईकर पडवीत बसून कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव घ्यायचा. माझा एक चुलतभाऊ गिरणीत होता. तो म्हणाला, आमच्या गिरणीचे घे, डोळे मिटून घे. मला प्रश्न पडला, इतकी चांगली गिरणी असेल तर हा स्वतः का घेत नाही? आणि डोळे मिटायला कशाला सांगतो? गिरणी बाद झाली. मग देशावरच्या एका साखर कारखान्याचं छापील पत्रक आलं. त्यात उसाच्या शेताचं चित्र होतं, पण कारखान्याचं नव्हतं. तोही बाद.

राहिली बोटीची कंपनी. कोकणच्या माणसांनी कोकणच्या माणसांसाठी काढलेली, दहा रुपयांना एक भाग. तिचा एजंट म्हणजे एक पेन्शनीत निघालेले मास्तर. छत्री आणि पावतीपुस्तक घेऊन ते हेदवीपासून पावसपर्यंत गावोगाव हिंडायचे आणि आपली बोट, आपला समुद्र असं काही बोलायचे की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या माणसावर माझा मुळीच विश्वास नाही. पण बोट समोर दिसत होती. बंदरावर जाऊन उभं राहिलं की तिचा धूर दिसायचा, भोंगा ऐकू यायचा. गिरणी माझ्या परसात येऊन उभी राहणार नव्हती. बोट राहत होती.

यात माझ्या एकट्याचे पैसे असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. माझी धाकटी बहीण आमच्याकडेच असायची. लग्नानंतर चार वर्षांत तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी आली. हाताने शिवण करायची. अर्ध्या आळीच्या चोळ्या आणि पोरांची झबली तिच्या हातची. बाजारात एका दुकानी पायाने चालवायचं शिवणयंत्र मांडलेलं होतं, त्यावर तिचा जीव जडला होता. ते घरात आलं की ती स्वतःच्या पोटापुरतं मिळवणार होती, भावजयीच्या हाताकडे बघावं लागणार नव्हतं. माझी बायको काही वाईट नव्हती, पण बघावं लागणं ते लागणंच. यंत्राचे निम्मे पैसे तिने पैपैने साठवले होते. ती मला म्हणाली, "दादा, तू घेशील तेच मी घेईन. तू खात्री केल्याशिवाय मीठसुद्धा आणत नाहीस."

मला केवढा अभिमान वाटला! मी चार दिवसांची रजा काढली आणि केवळ तपासणीसाठी त्या बोटीने मुंबईला गेलो. पत्र्यावर टिचकी मारून पाहिली. बुडताना गळ्यात घालायचे बुचाचे पट्टे मोजले. भटारखान्यात डोकावलो, भात वास घेऊन पाहिला. खलाशांना पगार वेळेवर होतो का ते आडून आडून विचारलं. बोटीवर जयगडकडचे एक मुसलमान सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते, पिकल्या दाढीचे, सगळा जन्म पाण्यावर गेलेला. माझी चाललेली टेहळणी ते सकाळपासून बघत होते. शेवटी जवळ येऊन हसले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, बोटीला काही होत नाही. बोटीवर चढतात त्यांच्यावर नजर ठेवा."

मला वाटलं, बघा, घरचाच माणूस सांगतोय. म्हणजे कारकून पैसे खात असणार. मी ते गाठीला बांधलं. तरी एकंदरीत बोट पसंत पडली. परत आल्यावर मी माझे भाग घेतले आणि बहिणीने तिचे. कंपनीकडून जाड कागदावर छापलेली पत्रं आली. वर बोटीचं चित्र, खाली सह्या. सह्या मी भिंगातून पाहिल्या. खऱ्या होत्या.

पुढचं मला नंतर कळलं आणि कळलं तेव्हा गुदगुल्याच झाल्या. मास्तर गावोगाव सांगत सुटले होते की कचेरीतले ते अमुक, जे सख्ख्या बापाची पावती मागतील, त्यांनीसुद्धा घेतले. झालं. आमच्या वाडीत मग घरटी एक भाग गेला.

आणि घरटी एक मालक झाला. आमच्या माणसांना शेअर म्हणजे काय ते कोणी समजावून सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं. बोट आपली म्हटल्यावर तिकीट कसलं? आपल्या गाडीत बसताना आपण भाडं देतो काय? दहा रुपयांचा धनी किनाऱ्यावरून पडावाच्या होडीने येऊन बोटीवर चढायचा आणि तिकीट विचारणाऱ्याला तो छापील कागद दाखवायचा. मागोमाग बायको, सासू, सासूची बहीण. एकाने तर कागदाच्या जोरावर म्हैस चढवायला काढली होती. वरच्या डेकवर जागा नाही मिळाली तर रुसवे. बंदरावरचा कारकून बिचारा आमच्यातलाच, कोणाकोणाशी भांडणार? हसून सोडून द्यायचा.

मी त्याच्यावर बारीक लक्ष ठेवून होतो. सारंगांनी सांगितलेलं होतंच. सोडतो म्हणजे आतून काहीतरी घेत असणार, अशी माझी खात्री. तसा तो माझ्याशी अगदी अदबीने वागायचा. हंगामात मेहुण्याकडे मुंबईला माझ्या आंब्याच्या करंड्या जायच्या, त्या तो "साहेबांच्या आहेत, आत घ्या" म्हणून पुढे घालायचा. मला वाटायचं, मेला मला घाबरतोय.

दोन वर्षं गेली. नफ्याचा पैसा आला नाही. तिसऱ्या वर्षी बोट दुरुस्तीला गेली ती लवकर आलीच नाही.  बाजारातून येताना बहीण त्या यंत्राच्या दुकानावरून न येता मागच्या गल्लीने यायला लागली, हे बायकोने मला सांगितलं. माझं डोकं फिरलं. कोणीतरी खातंय. डायरेक्टर खातायत, मास्तर खातायत, कोळसा विकणारा खातोय. कचेरीत बसून मी एका जुन्या अर्जाच्या पाठीवर संशयितांची यादी केली होती. सतरा जण होते.

शेवटी डायरेक्टरांपैकी एक गृहस्थ भागीदारांशी बोलायला रत्नागिरीला आले. शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. एका बाजूला सतरंजीवर बायका, त्यांत बहीणही होती. तीही भागीदारच. गृहस्थ फार थकलेले दिसत होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की बोट भरून जाते आणि रिकाम्या हाताने येते. उतारूंपैकी पैसे देणारे थोडे, मालाचंही तसंच. कोळसेवाला मात्र रोख मागतो. कंपनी आता उभी राहत नाही.

खोलीत गलका झाला. मी उठलो, नाव सांगितलं. एवढ्या वर्षांचं सगळं तोंडात आलं होतं. मी विचारलं, फुकट कोण गेलं, कोणाचा माल फुकट गेला, याची नोंद आहे की नाही? ते म्हणाले, आहे, बंदरावरच्या कारकुनाने इमानाने ठेवली आहे. मी म्हटलं, "मग नावं वाचा. सगळ्यांदेखत वाचा."

लोक ओरडायला लागले, वाचा, वाचा. त्यांनी समोरची वही उघडली. पानावरून बोट खाली नेलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि वही मिटली. म्हणाले, आता वाचून काय उपयोग? राहू दे.

मी विजयी मुद्रेने सभेकडे वळलो. बघितलंत? म्हटलं, लपवतायत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना आम्ही दोघंच चाललो होतो. मी बोलतच होतो, आता यांच्यावर अर्ज कसा करायचा, कुठल्या कलमाखाली. बहीण एक पाऊल मागून येत होती. चढ संपल्यावर ती थांबली.

"दादा," ती म्हणाली, "त्यांनी वही तुझ्यासाठी मिटली."

मला कळेना. मी म्हटलं, माझा काय संबंध? मी जातायेता तिकीट काढलंय, माझ्याजवळ आहेत तिकिटं जपून ठेवलेली. ती म्हणाली, तिकीट नव्हे. करंड्या. भाताचा पेंढा घालून करंड्या मीच भरते, वरचा पत्ताही मीच लिहिते. तीन हंगाम झाले, एकदाही भाड्याची पावती घरात आलेली मी बघितली नाही.

तिने हे रागाने सांगितलं नाही. मला रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दुधात बोट घालणारा मी, आणि तीन हंगाम त्या करंड्यांचं भाडं कोणी दिलं हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सारंगांचं बोलणं आठवलं आणि कानशिलं तापली. शरमेने मला तिथे रस्त्यातच बसावंसं वाटलं. त्या गृहस्थांना मी चोर ठरवलं होतं, आणि त्यांनी माझ्या बहिणीसमोर माझी अब्रू राखली होती.

दुसऱ्या दिवशी मी भाडं भरायला बंदरावर गेलो. कंपनीच्या खोलीला कुलूप होतं. पायरीवर एक कोळीण सुकट विकत बसली होती. तिने सांगितलं, गेली ती माणसं, आता कोणी यायची नाहीत. यंत्राचे पैसे मी देतो, असं बहिणीला म्हटलं, तर ती नको म्हणाली आणि पुन्हा हाताने शिवायला बसली. चार वर्षांनी तिने स्वतःच्या पैशांनी ते यंत्र आणलं. दुकानदाराने पावती दिली, ती तिने माझ्या हातात ठेवली. मी ती वाचली नाही, तशीच परत दिली.

यंत्र आलं त्या आठवड्यात मी कचेरीतून आलो तेव्हा ती पडवीत चोळीच्या बाहीचं माप कापत होती. नेहमी त्यासाठी ती जुनी वर्तमानपत्रं वापरायची. त्या दिवशी तिच्या हातात जाड कागद होता. कात्री बोटीच्या चित्राच्या मधोमध चालली होती. अगं, शेअर आहे तो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं.

"कागद चांगला आहे," ती मान वर न करता म्हणाली. "तुझाही आण. पाठीचं माप राहिलंय."

मी आत गेलो, ट्रंक उघडली आणि माझा कागद तिला आणून दिला.