गळते की गिळते

कानवाले काकांना गाडी दाखवायची नसते, ऐकवायची असते, असं गिऱ्हाइकं म्हणत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि मग निकाल, "तिसरा व्हॉल्व्ह." चाळीस वर्षं हेच. आता मात्र उजवा कान साफ झोपला होता आणि डावा पेंगत होता. पण हे सांगायचं कोणत्या तोंडाने? मशीन लावून घ्या म्हणून बायको रोज कानीकपाळी ओरडायची, तेही निम्मंच ऐकू यायचं. "काय म्हणालात?" असं मात्र काका मेले तरी विचारणार नव्हते. अंदाजाने मान डोलवली, की झालं काम!

त्या मान डोलवण्यानेच घात केला. सिस्टरबाई म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची घरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्स. दिवसाला अकरा घरं, आणि त्यासाठी एक जुनी निळी गाडी. गेल्या आठवड्यात त्या दारातूनच म्हणाल्या, "काका, पाणी गिळतेय हो गाडी." मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. काकांनी ऐकलं, गळतेय. मान डोलवली, रेडिएटरचा जुना पाइप बदलला आणि म्हणाले, "बिनधास्त पळवा."

बाईंनी पळवली. आज सकाळी तीच गाडी दोरीला बांधून ओढत आणली.

"अहो, खाली एक थेंब पडत नव्हता! सगळं पाणी आत जात होतं. गिळतेय म्हटलं होतं मी, गिळतेय!" बाई इतक्या जवळ येऊन ओरडल्या, की काकांना वेलांटीसकट ऐकू आलं.

इंजिन निवल्यावर त्यांनी ऑइलचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला दुधाळ साय. पाणी भरून गाडी सुरू केली तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर. ठार बहिऱ्यालाही कळलं असतं! हेड गॅस्केट फुटलं होतं. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधला हा पातळ थर पाण्याला पाण्याच्या जागी ठेवतो. तो फुटला, की पाणी इंधन जळतं तिथे आणि ऑइलमध्येही शिरतं.

"गॅस्केट नवं मिळेल," काका म्हणाले, "पण तापून हेड वाकलं असेल, तर या गाडीचं दुसरं मिळणार नाही."

"मग माझी अकरा घरं?" बाई खाली बसल्या. काकांना कुठे तोंड लपवू असं झालं.

त्यांनी बोल्ट कडेकडून आत, थोडे थोडे करत ढिले केले, हेड काढून टेबलावर उपडं ठेवलं आणि चकचकीत पुसलं. दोन नंबर आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधे गॅस्केट जळून काळं पडलं होतं. हेडला चीर नव्हती, खालच्या ब्लॉकलाही नव्हती. चहा घेऊन आलेल्या बायकोला त्यांनी समोर उभं केलं. "मी ही सरळ लोखंडी पट्टी हेडवर दाबून धरतो, मागे दिवा आहे. पट्टीखालून उजेड दिसतो का बघ, दिसला तर हेड वाकलंय. मला बघवत नाही." आणि खरंच डोळे मिटून घेतले.

बायको वाकून सावकाश बघत गेली. मग काहीतरी बोलली. काकांना फक्त "दिस" एवढंच ऐकू आलं.

दिसतोय, की दिसत नाही? इथे अंदाज कसला करता! चाळीस वर्षांची ऐट गेली खड्ड्यात.

"काय म्हणालीस?"

बायकोने तोंडावर हात नेला. मग डाव्या कानाशी येऊन म्हणाली, "दिसत नाही! कुठेच नाही! सरळ आहे हो!"

काका स्टुलावर बसले आणि चक्क रडले. मग डोळे पुसून, पट्टीखाली बारीक पातं सरकवून पाहिलं. तेही कुठे शिरेना.

दोन दिवसांनी नवं गॅस्केट आलं. नवे बोल्ट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळले, ऑइल बदललं. अर्धा तास इंजिन चाललं. बुडबुडा नाही, धूर नाही. काकांनी स्क्रू-ड्रायव्हरला हातही लावला नाही.

"बाई, चूक गाडीची नव्हती. तुम्ही गिळते म्हणालात, मी गळते ऐकलं. मला ऐकू येत नाही."

सिस्टरबाईंनी गाडी बाहेर काढली, काच खाली केली आणि काहीतरी म्हणाल्या. काकांची मान सवयीने डोलायला लागली, ती त्यांनी मधेच आवरली.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, उद्या बारावं घर तुमचं! कान तपासायला मी घेऊन जाणार."

या वेळी काकांनी ऐकून मान डोलवली.