मागचा शॉकअप
गॅरेजातून आणलेल्या गाडीला ग्रीसचा वास आला की मला मुरबाडच्या नाक्यावरचं मेस्त्रीचं ते पत्र्याचं दुकान आठवतं. शिक्षक असलेले माझे वडील दर रविवारी स्कूटर आरशासारखी पुसायचे, पण सर्व्हिसिंगचं नाव काढलं की म्हणायचे, “चालतेय ना?” आईची कंबर वर्षभर दुखत होती. दर पंधरवड्याला ते तिला शहापूरहून मुरबाडला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचे, त्याच स्कूटरवरून, त्याच खड्ड्यांतून. पुढे मी उभी असायचे. एकदा पंक्चर काढताना मेस्त्रीनं मागची सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली, तर ती कितीतरी वेळ डुलतच राहिली. “गुरुजी, शॉकअपात तेलच नाय रायलं. वहिनी बसतात तरी कशा?” आई ओशाळून म्हणाली, “मला वाटलं, माझंच वय झालं.” वडील हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. नवा शॉकअप बसवून निघालो, तर किन्हवलीच्या अलीकडे आईनं मागून विचारलं, “अहो, हा रस्ता कधी केला?” रस्ता तोच होता. वडिलांनी स्कूटर कडेला घेतली आणि उगाच चष्मा पुसत उभे राहिले. आता मी माझी गाडी फारशी पुसत नाही. मागची सीट मात्र दर महिन्याला दाबून बघते.