पेजेपुरते तांदूळ

भाताशिवाय जेवण रांधायला मी शिकले ती तिशी उलटल्यावर, आणि तीही रागारागाने. वडिलांच्या पायाच्या अंगठ्याला झावळीचा हीर, म्हणजे पात्याची टोकदार काडी, टोचला होता आणि महिना झाला तरी जखम भरेना. मालवणातल्या डॉक्टरांनी त्यांची लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटेसारखी लाल झाली.

"साखर आहे, बाई. भात बंद, भाकरी बंद, गोड बंद. साखर उतरली तर जखम भरेल. नाहीतर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. वडील कचेरीतून निवृत्त झालेले, मी शाळेत मास्तरीण. मधली सुट्टी एका तासाची, त्यातला अर्धा तास येण्याजाण्यात जायचा. उरलेल्या अर्ध्या तासात मी चूल पेटवून जळणाला नारळाची सोडणं घालायची, सकाळीच करून ठेवलेलं खोबऱ्याचं वाटप काढायची आणि तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायची. सोमवारी मासे नसत, तेव्हा लाल माठाच्या भाजीवर ओलं खोबरं. सोबत वाटीभर सोलकढी. झालं जेवण. मी शिकवत होते तसं नीटनेटकं, वेळेत आणि चव बघायला सवड नसलेलं.

पहिल्या दिवशी वडिलांनी दोन तुकडे खाल्ले आणि हात ताटात ठेवून बसून राहिले.

"तिखला बरा झाला गो. आता भात हाड नि वाढ."

"भात नाय, बाबा."

"मगे ह्या मी कित्याबरोबर खातलंय?"

ताट दिसतही होतं तसंच, नवरदेवावाचून वऱ्हाड आल्यासारखं. मीही त्यांच्याबरोबर तेच जेवत होते, आणि शाळेत शेवटच्या तासाला पोटात कावळे ओरडत.

दर आठवड्याला डॉक्टरांकडे जायचं. ती काचेची नळी आचेवर धरली की मी मनात देवीला हाक मारायची. हिरवा रंग आला की जिंकलो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रंग दर वेळी लालच. चौथ्या आठवड्यात अंगठ्याचं टोक काळं पडू लागलं आणि मला वडिलांचा संशय आला. दिवसभर एकटा माणूस, घरात तांदळाचा डबा. मी बाजारातून कुलूप आणलं. सकाळी पेजेपुरते तांदूळ काढायचे, डब्याला कुलूप घालायचं, चावी कमरेला खोचून शाळेत जायचं. दुपारी ते अर्धपोटी राहतात ह्याचं वाईट वाटे, म्हणून सकाळची पेज मात्र मी सढळ हाताने वाढू लागले. एका वाडग्याचे दोन झाले, मग तीन.

कुलूप लावूनही रंग लाल. त्या दुपारी माझा तोल गेला.

"शेजारचा कोण देता तुमका भात? खरा सांगा."

"देवाशपथ गो, मी भाताक हात लावक नाय."

"मगे साखर काय आभाळातसून पडता?"

ते उष्टा हात तसाच वाळेपर्यंत बसले. "तुमचो पाय, तुमचा नशीब," असं म्हणून मी न जेवता शाळेत गेले. आज लिहितानाही ते वाक्य मला बोचतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी, ते घाटावरचे, सहज विचारलं, "सकाळी काय घेतात?"

"काही नाही. नुसती पेज."

"पेज कशाची करता तुम्ही?"

"उकड्या ता..." मी म्हटलं, आणि हात कमरेच्या चावीकडे गेला.

हे दुसऱ्या मुलखातल्या माणसाला पटणार नाही. आमच्याकडे तापकऱ्याला पेज, बाळंतिणीला पेज, पोट बिघडलं तर पेज. पेज ही न्याहारी, भात हे जेवण, आणि दोन्ही एकाच डब्यातून येतात हे शिकलेल्या बाईच्याही डोक्यात येत नाही. डॉक्टरांनी भात बंद केला, मी भात बंद केला, त्यांनी भाताला हात लावला नाही. आम्ही तिघंही खरं बोलत होतो. साखर मी भरवत होते, रोज सकाळी, तीन तीन वाडगे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती मी माझ्या बापाला दिली होती.

पेज बंद केली. पंधरा दिवसांत रंग हिरवा झाला, पण अंगठा तोवर गेलेलाच होता. तो काढला.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी डब्याचं कुलूप काढायला बसले. वडील खाटेवरून बघत होते. माफी मागायची होती, पण आमच्या घरात तसले शब्द कुणी कधी वापरले नव्हते. मी नुसतंच म्हटलं, "बाबा, ह्या कुलपाचा आता काय काम नाय."

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "चावी फक्त माझ्याकडे दी. तुका माझी कीव येता नि मगे तू पेज वाढतंस."

मी चावी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती जानव्याला बांधली आणि विचारलं, "आज बांगडे गावले काय गो?"